लाजेचा रकाना

वैजयंती सबनीस यांचा शोध लागला तेव्हा त्या साताऱ्यात राहत होत्या. गेली चाळीस वर्षं त्या तिथेच राहत होत्या. फोन चालू होता, दारावर नावाची पाटी होती. पण शोध लागायचा म्हणजे माणूस आधी हरवावा लागतो, आणि ते काम जगाने त्यांना न विचारता परस्पर उरकून टाकलं होतं.

शोध लावला तो 'रसज्ञ'ने. ही पुण्यातल्या एका कंपनीने उभी केलेली यंत्रणा. दोन-तीन वर्षांत ती घराघरांत नळाच्या पाण्याइतकी नेहमीची होऊन बसली होती. जगभरच्या संग्रहालयांच्या तळघरांत जे चित्रपट पडून होते, ते सगळे रसज्ञने पाहून काढले होते. कुठल्या बर्फाळ मुलुखातल्या मेंढपाळांवरचे, खाणकामगारांवरचे, एकही शब्द न बोलता दीड तास भांडणाऱ्या नवरा-बायकोचे. माणसाला एका जन्मात जे जमलं नसतं ते तिने एका पावसाळ्यात केलं, आणि मग ज्याला जे रुचेल ते त्याच्यापुढे वाढायला घेतलं. कोरेगावचा किराणा दुकानदार जेवता जेवता परदेशी माहितीपट पाहायचा आणि "बरा होता" म्हणून हात धुवायला उठायचा. समीक्षकांना हा सांस्कृतिक चमत्कार वाटला. दुकानदाराला काहीच वाटलं नाही, आणि खरं तर तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

वैजयंतीबाईंचा माहितीपट होता 'टाकी क्रमांक तीन'. ऐन तिशीत, उसन्या कॅमेऱ्यावर केलेला. रत्नागिरीकडच्या शेवरे खाडीत एका रसायनांच्या कारखान्याने इतकं पाणी सोडलं की मासे संपले. मासे संपल्यावर मासे धरणारे त्याच कारखान्यात कंत्राटावर लागले. एके सकाळी त्यांतल्या काहींना टाकी साफ करायला आत उतरवलं, आणि वर कुणीच आलं नाही. माणसं दारू प्यायलेली होती, असं कारखान्याने सांगितलं.

हा माहितीपट प्रदर्शित झाला तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो पाहिला, त्या सगळ्यांना एका एसटीत बसवता आलं असतं, आणि बऱ्याच जणांना खिडकीही मिळाली असती. आता तो दोन कोटी लोकांनी पाहिला होता.

रसज्ञने हे कसं साधलं ते फारसं अवघड नाही. घरातल्या पडद्याच्या वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा असतो. पडद्यावरच्या चित्राकडे तुम्ही पाहता तेव्हा तो तुमच्याकडे पाहतो. डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, पापणी किती वेळा लवली, नजर कुठे गेली, गळ्याची घाटी कधी हलली, हे सगळं तो टिपतो. मनगटावरचा पट्टा घाम आणि नाडी कळवतो. यावरून तुमचं लक्ष उडणार आहे हे तुमच्या आधी चार-पाच सेकंद यंत्राला कळतं, आणि तेवढ्या वेळात ते पुढची दृश्यं नव्याने घडवतं. लांबलेलं आवरतं, उदास असेल ते उजळतं, माणसाचा चेहरा आणि आवाज तसाच ठेवून त्याच्या तोंडी दुसरं वाक्य देतं. जोड कुठे आहे हे कुणाला दिसत नाही. करारात या सगळ्याला 'किरकोळ अनुकूलन' म्हटलं होतं. वैजयंतीबाईंनी त्यावर सही केली तेव्हा त्यांना वाटलं, आवाजातली खरखर काढणार असतील.

त्यांनी स्वतः घरी तो पाहिला तेव्हा तर त्या खूशच झाल्या. इतक्या वर्षांनीही आपलं काम टिकलंय असं त्यांना वाटलं. उलट आठवत होतं त्याहून ते जास्त संथ, जास्त खोल होतं. एका ठिकाणी खाडीच्या राखाडी पाण्यावरून एक बगळा पडदाभर तरंगत गेला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आंघोळ करताना त्यांच्या लक्षात आलं की बगळा आपण कधी चित्रित केलेलाच नाही. खाडीवर तेव्हा बगळेच उरले नव्हते; सगळा माहितीपट त्याबद्दलच होता.

"वय झालं," असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

साताऱ्यात 'चौकट' नावाचं चित्रपट मंडळ होतं. वैजयंतीबाई त्याच्या जुन्या सभासद. मंडळाचा एक दंडक होता: चित्रपट कितीही थोर असो, चहा येण्याआधी प्रत्येकाने त्यात एक तरी खोट काढायची. या दंडकापायी एकदा दोन सभासदांचे व्याही-संबंध मोडले होते, आणि मंडळ त्याचा उल्लेख अभिमानाने करत असे. रसज्ञ आल्यापासून जो तो घरीच पाहून येई. बैठकीला फक्त बोलायला जमायचं, आणि हल्ली चहा फार लवकर येऊ लागला होता.

त्या रविवारी चिटणीस श्रीनिवास उपासनी म्हणाले, "वैजयंतीबाई, खोट काढायला बसलो, पण सापडेना. शेवटचं ते कोळीगीत तर काय!"

"कुठलं कोळीगीत?"

"अहो, सगळ्या बाया होडीत बसून म्हणतात ते."

"माझ्या चित्रपटात गाणं नाहीये, उपासनी."

"गाणं नाहीच," डॉक्टर ताम्हाणे म्हणाले. "याला झोप लागली असेल. पण तपास काय रंगवलात! तो इंजिनिअर शेवटी बेड्या घालून बाहेर येतो, मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, काय झालं?"

"तो इंजिनिअर पुढे कारखान्याचा संचालक झाला," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्याला बेडी कधी पडलीच नाही."

मग उपासनी म्हणाले, "म्हणजे आपण वेगवेगळे चित्रपट पाहिले?"

"आणि सगळ्यांना आवडले," ताम्हाणे म्हणाले. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. चहा आला.

दुसऱ्या दिवशी शेवऱ्याहून फोन आला. इंदुमती डोर्लेकरचा. टाकीत गेलेल्यांपैकी रमाकांतची ही बायको. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण आवाज अजून जेटीवरून होडीपर्यंत पोचेल असा.

"वैजूबाय, माज्या तोंडात काय घातलंस गो?"

"इंदूवयनी? काय झालं?"

"नातवंडांनी काल लावलानी तुजा पिच्चर. आजी बघ, आजी बघ म्हनून मला बसवलानी. आनि मी त्यात हसतंय! म्हनतंय, होनारा होता तो झाला, आता खाडीला परत मासे येतील. मी असं कदी बोलले? माजा घोव जाऊन बारावा दिस झाला होता तवा, नि मी हसेन?"

वैजयंतीबाई फोन कानाशी धरून खुर्चीत बसल्या.

"इतकी वर्सं मी कोनाकडं गेले नाय," इंदूवयनी म्हणाली. "कोर्टात हरलो, गप बसले. मनात म्हटलं, एक जागा हाय, तितं माजं बोलनं तसंच हाय. वैजूबायनं ठेवलान. तां पन विकलंस?"

"मी काही विकलं नाही हो."

"मग कोनी बदललानी?"

फोन ठेवल्यावर वैजयंतीबाईंनी कपाटातून रसज्ञचा करार काढला आणि 'किरकोळ अनुकूलन' या शब्दांवर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

त्या संपूर्ण माहितीपटाला जर काही कणा असेल तर ते एक दृश्य होतं. वैजयंतीबाईंची कामाची एक रीत होती. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग कॅमेरा बंद करायचा नाही. माणसाला जे खरंच सांगायचं असतं ते तो बहुधा उत्तर संपल्यावर सांगतो. इंदुमतीला त्यांनी विचारलं होतं, "कारखाना म्हणतो ती माणसं प्यायलेली होती." त्यावर ती म्हणाली होती: "माजा घोव दारू पीत नव्हता. तेंनी त्याला टाकीत उतरवलानी आनि वरनं झाकन लावलानी." एवढंच. मग तिने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं होतं. रडली नाही, हलली नाही. नुसती पाहत राहिली. कॅमेरामागे उभ्या असलेल्या वैजयंतीबाईंना तेव्हा वाटलं होतं, आता कुणीतरी मला इथून घेऊन जा. पण त्यांनी कॅमेरा चालू ठेवला होता.

त्या पुण्याला गेल्या.

रसज्ञच्या कचेरीत त्यांना निषाद देवस्थळी नावाचा तरुण भेटला. आशय-विभागाचा प्रमुख. इतका अदबशीर की त्याच्यावर रागावायला वेगळी शक्ती लावावी लागावी. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, कोकम सरबत मागवलं आणि म्हणाला, "मॅम, मी तुमचा केवढा चाहता आहे."

"कुठल्या चित्रपटाचा?"

"टाकी क्रमांक तीन."

"ते कळलं. त्यातल्या कुठल्या?"

तो हसला. मग भिंतीवर त्याने एक आलेख उमटवला. रेघ डोंगरासारखी चढत जाते आणि एका जागी कड्यावरून पडावी तशी कोसळते. "हे बघा. तुमचं ते मोठं दृश्य. इथे दहातले आठ लोक कंटाळतात."

"कंटाळतात हे कसं कळलं?"

"नजर खाली जाते."

"आणि मान?"

"मानही जाते."

"आवंढा गिळतात?"

"हो! तेही नोंदतो आम्ही," तो कौतुकाने म्हणाला. "तुम्हाला तंत्राची बरीच माहिती आहे, मॅम."

"मला माणसांची थोडी आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "अहो देवस्थळी, ते कंटाळले नाहीत. त्यांना लाज वाटली."

देवस्थळीने आलेखाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "लाज असा रकाना आमच्याकडे नाहीये, मॅम."

"का नाही?"

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. यंत्राला भावना ओळखायला शिकवताना शेकडो माणसं प्रयोगशाळेत बसवली होती. त्यांना कंटाळा आणायला पाटबंधारे खात्यातल्या निवृत्ती समारंभांची भाषणं दाखवली. हसू आणायला विनोद दाखवले, भीतीसाठी साप दाखवले. प्रत्येक भावनेला चेहऱ्याची, घामाची, नजरेची एकेक खूण बसवली. लाजेची पाळी आली तेव्हा नीतिमत्ता समितीने हरकत घेतली. पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला मुद्दाम शरमिंदा करणं आचारसंहितेत बसत नव्हतं. म्हणून लाज गाळली. पुढे यंत्राला खाली गेलेली नजर दिसली की त्याच्याकडे असलेल्या रकान्यांतला सगळ्यात जवळचा रकाना तेवढा सापडायचा, आणि तो कंटाळ्याचा होता.

"म्हणजे," वैजयंतीबाई सावकाश म्हणाल्या, "जगात जिथे जिथे कुणी कॅमेऱ्यात बघून म्हणालं असेल की हे तुम्ही केलंत, ते ते सगळं तुमच्या यंत्राने कंटाळवाणं म्हणून काढलं?"

"काढलं नाही, मॅम. अनुकूल केलं."

वैजयंतीबाईंना एकदम ते मेंढपाळ दिसले, ते खाणकामगार दिसले. साऱ्या जगाची तळघरं उघडून, धूळ झटकून, पुसून, हसायला लावून बाहेर आणलेली माणसं. कुणी कट केला असता तर बरं झालं असतं. निदान कुणाची तरी गचांडी धरता आली असती. इथे कुणीच काही केलं नव्हतं. दोन कोटी भल्या माणसांनी फक्त क्षणभर खाली पाहिलं होतं, आणि यंत्राने सगळ्यांची आज्ञा शिरसावंद्य मानली होती.

"माझा चित्रपट परत द्या," त्या म्हणाल्या.

"देऊ. तुमचा हक्कच आहे तो," देवस्थळी म्हणाला. "पण मॅम, एक विचार करा. आमच्याकडून काढलात की तो कुणाला सापडणार नाही. लोक आता दुसरीकडे शोधतच नाहीत. आज दोन कोटी लोकांना शेवरे खाडीचं नाव माहीत आहे. थोडं बदललेलं असेल, पण माहीत आहे. उद्या कुणालाच नसेल. इंदुमतीबाईंना यांतलं काय हवंय, त्यांना विचारलंत का?"

हा मुलगा मूर्ख नव्हता, आणि वैजयंतीबाईंना त्याचाच अधिक संताप आला.

मग तो म्हणाला की पुढच्या महिन्यात कंपनीचा सोहळा आहे, 'पुनर्शोध सन्मान'. पहिला मान त्यांना द्यायचं ठरलंय. माहितीपटही दाखवणार आहेत, मोठ्या सभागृहात.

"तिथे मूळ दाखवाल?"

"सभागृहात पडदा एकच असतो, मॅम, त्यामुळे यंत्र सगळ्यांची सरासरी काढतं. बंद ते करता येत नाही, सगळी व्यवस्थाच त्यावर चालते. पण सुरुवात मुळापासूनच होते. निम्म्याहून जास्त लोक बघत राहिले तर ते काहीच बदलत नाही."

"निम्म्याहून जास्त."

"हो. तेवढी माणसं नजर वर ठेवतील ना?" तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

साताऱ्याला जाताना वाटेतच वैजयंतीबाईंनी शेवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. इंदूवयनीला यंत्राचं किती समजलं कोण जाणे, पण शेवटचं बरोबर समजलं. "म्हंजे माजं खरं ऱ्हायचं की नाय, ता त्या लोकांच्या मानेवर?"

"हो."

"मी येतंय."

सोहळ्याला सभागृह गच्च भरलं होतं. मंत्री आले, दिवे लावले गेले, कंपनीच्या अध्यक्षांनी 'मानवतेचा आरसा' हा शब्दप्रयोग मुद्दाम दोनदा केला. उपासनी आणि ताम्हाणे साताऱ्याहून आले होते आणि मागे कुठेतरी बसले होते. पहिल्या रांगेत वैजयंतीबाई आणि शेजारी इंदूवयनी. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि संयोजकांनी दिलेला गुच्छ मांडीवर न ठेवता खुर्चीखाली ठेवला होता.

चित्रपट सुरू झाला. खाडी आली, मेलेली मासळी आली, कारखान्याचं फाटक आलं. सगळं जसं चित्रित केलं होतं तसं. मग ते दृश्य आलं. पडद्यावर छत्तीस वर्षांची इंदुमती म्हणाली, "माजा घोव दारू पीत नव्हता..." आणि वाक्य पुरं करून तिने सभागृहाकडे पाहिलं.

वैजयंतीबाईंनी मागे वळून पाहिलं. अंधारात माना खाली जाताना दिसत होत्या. सगळ्या नव्हेत. पण वाऱ्याने भाताची रोपं वाकावीत तशा, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. कुणी चष्मा पुसायला काढला, कुणी कार्यक्रम-पत्रिका पाहिली. वाईट माणसं नव्हती ती. चांगली होती म्हणूनच खाली बघत होती. आणि पडद्यावर इंदुमतीच्या ओठांची कड हळूच वर उचलली जाऊ लागली.

"बघा," इंदूवयनी पुटपुटली. "हसवतायत मला."

वैजयंतीबाई ओरडायला उठल्या. पण त्यांच्याआधी इंदूवयनी उठली होती. पायऱ्या चढून, गुडघ्यावर हात टेकत, ती मंचावर गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिची सावली स्वतःच्याच चेहऱ्यावर पडली. जे ओठ हसू लागले होते नेमके तेच झाकले गेले.

"माना वर करा रे," ती म्हणाली. ध्वनिक्षेपकाची गरजच नव्हती. "मारत नाय मी कोनाला. माजा घोव दारू पीत नव्हता. तेंनी त्याला टाकीत उतरवलानी आनि वरनं झाकन लावलानी. तुमी लावलंत असं म्हनत नाय. पन बघा तरी."

एक संयोजक तिला खाली आणायला धावला. उपासनींचा आवाज मागून गरजला, "ए, हात लावू नकोस त्यांना!" आणि चौकटच्या इतिहासात प्रथमच ताम्हाण्यांनी उपासनींना दुजोरा दिला.

लोकांनी वर पाहिलं. काहींनी लाजेपायी, काहींनी कुतूहलापोटी, काहींनी मंत्री बघतायत म्हणून. यंत्राला कारणांशी कर्तव्य नव्हतं. त्याने सरासरी काढली, आणि म्हाताऱ्या इंदुमतीच्या खांद्यामागे तरुण इंदुमतीचं हसू उतरलं. राहिली ती नुसती नजर. दोघी मिळून सभागृहाकडे पाहत राहिल्या, मुळात जेवढा वेळ होती तेवढा सगळा वेळ.

शेवटी टाळ्या झाल्या नाहीत. मंत्र्यांना तातडीचं काम आठवलं.

देवस्थळी धावतच मंचाखाली आला. त्याचे डोळे खरोखर ओले होते. "मॅम, अफाट! असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी आत्ताच अध्यक्षांशी बोललो. आजींची आभासी आकृती करायची. प्रत्येक घरात, नजर खाली गेली की त्या पडद्यासमोर उभ्या राहतील, आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत, त्याला सोसेल अशा शब्दांत..."

"काय म्हनतो गो तो?" इंदूवयनीने विचारलं.

"म्हणतो, तुमच्याकडून हे रोज करून घेऊ. यंत्रातून. ज्याला जेवढं सोसेल तेवढं."

इंदूवयनीने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्याची नजर हातातल्या काचेच्या पाटीवर गेली. तिथे आलेख चढत होता.

"काढ गो तो पिच्चर हितनं," ती वैजयंतीबाईंना म्हणाली. "आज. मी हितं असतानाच."

"कुणाला सापडणार नाही मग, वयनी. दोन कोटी जातील."

"जांव देत. तेंनी मला बघितलानी कुटं?"

वैजयंतीबाईंनी देवस्थळीच्या हातातून पाटी घेतली, चित्रपट परत घेण्याचा अर्ज उघडला आणि त्यावर बोटाने सही केली. त्या क्षणी साऱ्या जगातून 'टाकी क्रमांक तीन' पुन्हा हरवला. राहिले ते त्या सभागृहातले लोक, आणि त्यांतलेही निम्म्याहून थोडेसेच जास्त. ते दारातून बाहेर पडत होते, आणि इंदुमती डोर्लेकर दारातच उभी राहून प्रत्येकाचा चेहरा बघून घेत होती.